जुन्या लेसरची पॉवर खरंच उतरली आहे का? तपासायच्या पद्धती, समोरासमोर

कटिंग मशीनला सहा-सात वर्षं झाली की ही तक्रार हमखास येते. ज्या स्पीडला ४ मिमी एसएस (स्टेनलेस स्टील) स्वच्छ सुटायचं, तिथे आता खाली बर (कडेला चिकटलेला धातू) धरते. ऑपरेटर स्पीड थोडा उतरवतो, काम निघतं. दोन महिन्यांनी आणखी थोडा उतरवतो. मग कुणीतरी म्हणतं, "सोर्स गेला," म्हणजे लेसर तयार करणारा मुख्य भागच गेला. कोटेशन येतं, आकडा बघून मालकाच्या पोटात गोळा येतो. नेमकी किती पॉवर उरली आहे, हे तोवर कुणी मोजलेलंच नसतं.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली अशा कुठल्याही एमआयडीसीत एक-दोन लेसर घेऊन जॉबवर्क करणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. कुठली पद्धत वापरायची, कशावर पैसे घालायचे आणि कशावर अजिबात घालायचे नाहीत, हे ठरवायला तो उपयोगी पडावा.

आधी एक गैरसमज. कंट्रोलरच्या स्क्रीनवर "१०० टक्के" किंवा "३००० वॅट" दिसतं ती मागणी असते, मोजमाप नव्हे. कंट्रोलर सोर्सला सांगतो की एवढी पॉवर दे. सोर्सने दिली की नाही, आणि दिली तर त्यातली पत्र्यापर्यंत किती पोचली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पॉवरची विचारणा तीन ठिकाणी करता येते. एक सोर्सच्या आत. दुसरं सोर्समधून बाहेर पडल्यावर: फायबर लेसरमध्ये (प्रकाश काचेच्या तंतूतून येतो) केबलच्या टोकाला, सीओटूमध्ये (कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर, प्रकाश आरशांवरून येतो) पहिल्या आरशाच्या आधी. तिसरं नोझलच्या खाली. पत्र्याला फक्त तिसऱ्या ठिकाणची पॉवर कळते, बिल मात्र पहिल्याच्या नावाने येतं. पुढच्या प्रत्येक पद्धतीला हाच प्रश्न विचारायचा: ही कुठल्या ठिकाणाबद्दल बोलते आहे?

मीटर मागवण्याआधी अर्धा तास

पॉवर उतरल्यासारखी दिसते तेव्हा बऱ्याचदा सोर्स ठणठणीत असतो. पहिला संशयित प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे लेन्सखालची संरक्षक काच. त्यावर धुराचा थर बसला किंवा बारीक ठिपका जळला की तो प्रकाश शोषतो, तापतो, आणि तापलेली काच स्वतःच एका कमजोर भिंगासारखी वागायला लागते. फोकस सरकतो. मिमीभर सरकला तरी कट तसाच बिघडतो, जसा पॉवर कमी झाल्यावर बिघडतो. गंमत म्हणजे अशा वेळी नोझलखाली मीटर ठेवला तर तो जवळजवळ पूर्ण पॉवर दाखवेल, कारण किती वॅट आले एवढंच मीटर मोजतो. ते केवढ्या ठिपक्यात आले, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

म्हणून क्रम असा: नवा ग्लास, नवं नोझल, सेंटरिंग, फोकस टेस्ट, गॅसचं प्रेशर आणि शुद्धता. मग चिलर, म्हणजे लेसरला थंड पाणी पुरवणारं यंत्र. पुण्या-नाशकाकडे एप्रिल-मेच्या दुपारी शेडमध्ये चिलर धापा टाकत असतो. पाणी ठरलेल्या तापमानाच्या चार-पाच अंश वर गेलं की सीओटूची काचेची ट्यूब लगेच मंदावते. फायबर सोर्सचे पंप डायोडही (सोर्सला प्रकाश पुरवणारे) गरम पाण्यात कमी प्रकाश देतात. पावसाळ्यात उलटं होतं. पाणी फार थंड ठेवलं तर हवेतलं दव ऑप्टिक्सवर धरतं, आणि ते पॉवर घटण्यापेक्षाही वाईट. कुठलीही चाचणी करा, चिलरचं तापमान टिपल्याशिवाय आकडा लिहू नका. मेमधल्या दुपारची तुलना डिसेंबरच्या सकाळशी केली तर सोर्सवर नाहक आळ येतो.

सीओटू मशीनमध्ये आणखी एक गोष्ट बघायची. बीम ज्या बेलोमधून (घड्यांच्या नळीतून) जातो त्यात कोरडी, स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन हवा. शेजारी पेंटिंग चालत असेल आणि थिनरची वाफ आत शिरली, तर ती सीओटूचा बीम (लहर १०.६ मायक्रॉनची) शोषून त्याला फुगवते. ट्यूब बदलून हा दोष जात नाही.

कापून बघणे: फुकट, आणि नीट केलं तर भलतंच बोलकं

सगळ्यांत स्वस्त पद्धत म्हणजे ठरावीक पत्र्यावर ठरावीक कट. पण बहुतेक जण ती चुकीच्या पत्र्यावर करतात. हाताशी एमएस (साधं पोलाद) असतं, ऑक्सिजन जोडलेला असतो, म्हणून १० मिमी एमएस कापून बघतात. ऑक्सिजन कटिंगमध्ये उष्णतेचा मोठा भाग, ढोबळमानाने निम्मा, लोखंड जळण्यातून येतो. लेसर पंधरा टक्के कमजोर झाला तरी ऑक्सिजन त्याला सांभाळून घेतो आणि कट बराच काळ बरा दिसतो. जाडी मशीनच्या मर्यादेजवळ गेली की मात्र एकदम बिनसतं, आणि मालकाला वाटतं की पॉवर काल रात्रीत गेली.

चाचणी घ्यायची ती नायट्रोजनवर, ३०४ एसएसवर. तिथे वितळवण्याचं सगळं काम लेसरच करतो, त्यामुळे पॉवर घटली की साधारण त्याच प्रमाणात वरचा स्पीड घटतो. मशीन जेवढी जाडी कापू शकते तिच्या निम्म्याच्या आसपासचा पत्रा घ्या. ३ किलोवॅट फायबरला ४ मिमी ठीक. पन्नास मिमीच्या सरळ रेषा मारा, प्रत्येक रेषेला स्पीड पाच टक्क्यांनी वाढवा, आणि कुठल्या रेषेला खालची बाजू बंद राहिली ते बघा. ठिणग्या खाली जायच्या थांबून वर उडायला लागतात तोच तो स्पीड. एक हात रिमोटच्या स्टॉपवर ठेवा, कारण ते वर उडणारं सगळं ग्लासवर जाऊन बसतं.

ही पद्धत नोझलखालचं सांगते आणि पॉवरसोबत फोकस, बीमची गुणवत्ता, गॅस यांचाही निकाल लावते. हेच तिचं बळ आणि हीच तिची खोट. कट बिघडला आहे हे ती ठामपणे सांगेल, पण कशामुळे बिघडला ते सांगणार नाही. पत्र्याचा लॉट बदलला तरी आकडा हलतो. म्हणून चांगल्या पत्र्याची एक शीट चाचणीसाठी बाजूला ठेवून द्यावी आणि तिला जॉबवर्कवाल्यांचे हात लागू देऊ नयेत. हे सोपं नाही, पण करावं.

मग तुलना कशाशी करायची? मशीन नवी असताना कुणी अशी चाचणी केलेली नसते. इथे एक आडमार्ग आहे. बहुतेक मशीनच्या कंट्रोलरमध्ये किंवा जुन्या बॅकअपमध्ये बसवणीच्या वेळची कटिंग लायब्ररी असते. ती आजच्या लायब्ररीशेजारी ठेवा. कुठल्या जाडीला स्पीड किती उतरवला, फोकस किती हलवला, कुठे प्रेशर चढवलं, हा सगळा मशीनच्या घसरणीचा अहवालच असतो. ऑपरेटरने तो नकळत लिहून ठेवलेला असतो. सगळ्या जाड्यांना स्पीड सारखाच आठ-दहा टक्के उतरला असेल तर पॉवरवर संशय घ्यावा. एकाच धातूला किंवा एकाच जाडीला उतरला असेल तर पॉवर सोडून दुसरीकडे बघावं.

सोर्सच्या आतले आकडे

फायबर सोर्सच्या सॉफ्टवेअरला लॅपटॉप जोडला की आतल्या फोटोडायोडची रीडिंग, मॉड्यूलचे करंट, तापमान, चाललेले तास आणि अलार्मची यादी मिळते. काही उत्पादक हे सगळं ग्राहकाला दाखवतात, काही फक्त सर्व्हिसच्या पासवर्डवर. पासवर्ड नसेल तर सर्व्हिस इंजिनिअर येईल त्या दिवशी स्क्रीनचे फोटो काढून घ्या. तो नाही म्हणत नाही.

इथे पॉवरइतकंच बघायचं ते करंटकडे. ज्या सोर्समध्ये फीडबॅक (स्वतःची पॉवर बघून करंट जुळवणं) असतो तो डायोड म्हातारे झाले की करंट वाढवून पॉवर तेवढीच राखतो. बाहेरून पाहता वर्षानुवर्षं काहीच घटलेलं दिसत नाही. घट दिसायला लागते तेव्हा राखीव क्षमता संपलेली असते. तीच पॉवर द्यायला दरवर्षी किती जास्त करंट लागतो, हा आकडा पॉवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी आधी खबर देतो.

अडचण अशी की तो फोटोडायोड सोर्सच्या आत बसलेला असतो. त्याच्या पुढची डिलिव्हरी केबल, क्यूबीएच कनेक्टरचं (केबल हेडला जोडणारं) टोक, कोलिमेटर (बीम समांतर करणारं भिंग), फोकस लेन्स, ग्लास यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. शिवाय तोही त्याच सोर्ससोबत म्हातारा झालेला असतो. "सोर्स तर शंभर टक्के दाखवतोय" या वाक्यावर कोणताही वाद मिटू देऊ नये.

क्लॅम्प मीटर लावून मेनचा करंट बघणारेही भेटतात. फीडबॅक नसेल तर डायोडला करंट तेवढाच जातो, फक्त त्यातला कमी भाग प्रकाश होतो आणि जास्त भाग उष्णता, त्यामुळे हळूहळू होणारी घट वीजपुरवठ्यावर दिसत नाही. अख्खं मॉड्यूल बंद पडलं असेल तर दिसेल, पण तेव्हा अलार्मही वाजत असतो. काचेच्या ट्यूबच्या मिलीअँपिअर मीटरचंही तेच. काटा जागेवर असतो, प्रकाश नसतो.

ॲक्रेलिकवर डाग: फक्त सीओटूसाठी

सीओटू लेसर बेल लॅब्समध्ये १९६४ साली घडवला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगची. तेव्हा या लेसरशी आपलं नातं जरा घरचंच आहे. त्याची १०.६ मायक्रॉनची लहर ॲक्रेलिक अगदी वरच्या थरातच शोषून घेतं. म्हणून जाड ॲक्रेलिकचा ठोकळा फोकस न केलेल्या बीमसमोर ठरावीक सेकंद धरला की त्यात खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्याचा आकार हा बीमचाच आकार असतो. मधोमध खोल, गोल, सममित असेल तर मोड, म्हणजे बीमची घडण, चांगला. एका बाजूला झुकलेला, मध्ये उंचवटा असलेला किंवा दोन खड्ड्यांचा असेल तर आरसे, ट्यूब किंवा अलाइनमेंट.

वॅट मोजायला ही पद्धत ढोबळ आहे. खड्ड्याचं वजन करून पॉवर काढणारे लोक मी पाहिले आहेत; मेहनत भरपूर आणि उत्तर अंदाजेच. पण बीमचा आकार दाखवायला हिच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि मीटर हे दाखवत नाही. ॲक्रेलिकची वाफ पेट घेते, म्हणून हलकी हवा आणि एक्झॉस्ट चालूच ठेवा.

फायबर लेसरवर हा प्रयोग करायचा नाही. फायबरच्या १.०७ मायक्रॉनच्या लहरीला पारदर्शक ॲक्रेलिक जवळजवळ आरपार असतं. खड्डा पडणार नाही, बीम मागे जाईल. याच कारणाने सीओटूच्या मशीनवरचा पारदर्शक गार्ड किंवा चष्मा फायबरसमोर कुचकामी ठरतो. दोन्ही प्रकारच्या मशीन असलेल्या शॉपमध्ये चष्म्यांची अदलाबदल होते, तिथे खरंच डोळा जाऊ शकतो. फायबरचा बीम डोळ्याला दिसत नाही आणि बुबुळातून थेट पडद्यावर जातो.

हातातला प्रोब, आणि घरचा ठोकळा

बॅलिस्टिक प्रोबचं तत्त्व शाळेतलं आहे. माहीत असलेल्या वजनाचा धातूचा तुकडा बीममध्ये दहा किंवा वीस सेकंद धरायचा, तो किती तापला ते बघायचं. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे ०.९ किलोज्यूल. १ किलोवॅटचा बीम २० सेकंद म्हणजे २० किलोज्यूल. १ किलोचा ठोकळा साधारण २२ अंश चढेल. प्रोबच्या तबकडीवर हे गणित आधीच वॅटमध्ये छापलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या मॅकेनचे असे प्रोब सीओटूवाल्यांत अनेक वर्षांपासून माहितीचे आहेत.

बॅटरी नाही, वायर नाही, पाणी नाही. पाच टक्क्यांच्या आसपासची अचूकता मिळते, आणि हात बसला की एकाच प्रोबची दोन रीडिंग त्याहूनही जवळ येतात. सीओटूच्या मशीनवर तर हा हिरा आहे. ट्यूबच्या तोंडाशी एक रीडिंग, पहिल्या आरशानंतर एक, दुसऱ्यानंतर एक, नोझलखाली एक. चांगला आरसा एक-दोन टक्के खातो. एखाद्या टप्प्यात एकदम आठ-दहा टक्के गेले की चोर सापडला. वीस मिनिटांत कळतं की ट्यूब बदलायची की आरसा पुसायचा. दोन रीडिंगच्या मध्ये प्रोब पाण्यात थंड करून नीट पुसायचा. गरम प्रोबने घेतलेलं रीडिंग चुकीचं येतं, आणि त्या आकड्यावर घाईने ट्यूबची ऑर्डर जाते.

फायबरला प्रोब वापरताना तो त्याच लहरीसाठी आणि तेवढ्या पॉवरसाठी बनवलेला हवा. इथेच घरचा ठोकळा फसतो. टर्नरकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून, काळा ॲनोडाइज करून, भोकात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून थोड्या पैशांत मीटर बनवल्याचं समाधान मिळतं. पण डोळ्याला काळं दिसतं ते इन्फ्रारेडला काळं असतंच असं नाही. ॲनोडाइजचा थर १०.६ मायक्रॉनला चांगलं शोषतो, १.०७ ला मात्र त्या काळ्या रंगातला बराच प्रकाश परत फिरू शकतो. उघड्या ॲल्युमिनियमवर तर तो हेडमध्ये परत जाण्याची भीती, आणि परावर्तनाने सोर्स दुखावला तर आपण ज्या रोगाची तपासणी करत होतो तोच लावून घेतला म्हणायचं. ठोकळा करायचाच तर खोल शंकूच्या आकाराचं भोक ठेवावं, म्हणजे प्रकाश आतल्या आत आपटत राहतो. तरीही तो फक्त "मागच्या सहा महिन्यांच्या तुलनेत" एवढंच सांगायला वापरावा. खरे वॅट तो सांगू शकत नाही.

थर्मोपाइल मीटर, आणि छोटे इलेक्ट्रॉनिक मीटर

वाद मिटवायचा असेल तर इथेच यावं लागतं. थर्मोपाइलमध्ये प्रकाश शोषणारी चकती तापते, उष्णता कडेच्या पाण्याकडे वाहते, आणि त्या वाटेवरच्या तापमानफरकातून पॉवर निघते. ऑफिर, जेन्टेक, कोहेरेंट ही नावं सर्व्हिसवाल्यांच्या बॅगेत दिसतात. कॅलिब्रेशन ताजं असेल तर अचूकता तीनेक टक्क्यांच्या घरात. काही किलोवॅटला चकती पाण्याने थंड करावी लागते, त्यामुळे नळ्या आणि स्थिर प्रवाह आला. मोठ्या फायद्याची गोष्ट अशी की हा मीटर सतत मोजतो. दहा मिनिटं बीम चालू ठेवून आकडा कसा सरकतो ते बघता येतं, आणि ते इतर कुठल्याच पद्धतीत नीट दिसत नाही.

दुसरा प्रकार छोट्या इलेक्ट्रॉनिक मीटरचा. ऑफिरचा एरियल हा त्यातला माहितीचा, मुठीत मावेल एवढा आणि ८ किलोवॅटपर्यंतचा. त्याला पाणी लागत नाही. क्षणभराचा पल्स घेऊन तो ऊर्जा आणि वेळ मोजतो, भागाकार करून पॉवर सांगतो. चालत्या शॉपमध्ये दोन जॉबच्या मध्ये वापरायला हा सोयीचा. पण क्षणभरात तापल्यानंतरची घट दिसत नाही. थंड हेडवरचा आकडा सुंदर येतो, आणि पंधरा मिनिटांच्या कटिंगनंतर जे बिघडतं ते त्याला दिसत नाही.

दोन्ही प्रकारांत एक चूक महागात जाते: मीटर फोकसमध्ये ठेवणं. १०० मिमी कोलिमेटर आणि १५० मिमी फोकस लेन्सच्या साध्या हेडमधून बीम फोकसनंतर पसरत जातो आणि १५० मिमी खाली साधारण १५-१६ मिमी रुंद होतो. मीटरवर एवढा मोठा ठिपका पडेल इतकं हेड वर न्यायचं, आणि मीटरच्या पुस्तकात दर चौरस सेंटिमीटरला किती पॉवर चालते ते आधी बघायचं. गॅस बंद, किंवा अगदी हलकी हवा. जोराचा नायट्रोजन चकती थंड करून आकडा खाली ओढतो.

कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. त्यावर तारीख, लहर आणि कुठल्या पॉवरला तपासलं हे असतं. १०.६ ला कॅलिब्रेट केलेला मीटर १.०७ ला वापरला तर आकड्याला अर्थ उरत नाही. जाता जाता एक गंमत: अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेत प्रकाशाचा दाब तोलून पॉवर मोजतात. १० किलोवॅटचा बीम आरशावर सरळ आपटला तर त्याचा जोर साडेसहा-सात मिलिग्रॅम वजनाएवढा भरतो. आपल्याला ते लागणार नाही.

एका नजरेत

| पद्धत | कुठलं ठिकाण दिसतं | काय दिसत नाही | खर्च |
|---|---|---|---|
| एसएसवर कापून | नोझलखाली, फोकससकट | नेमकं कारण | पत्रा आणि तासभर |
| सोर्सचं सॉफ्टवेअर | फक्त सोर्सच्या आत | केबल, हेड, ग्लास | पासवर्ड |
| ॲक्रेलिकचा डाग (सीओटू) | बीमचा आकार | वॅट | नगण्य |
| प्रोब | जिथे धराल तिथे | हळूहळू सरकणारी घट | मध्यम |
| थर्मोपाइल | जिथे ठेवाल तिथे, सतत | फोकस, मोड | सर्वांत जास्त |

कुणी काय घ्यावं

काचेच्या ट्यूबवर ॲक्रेलिक, एमडीएफ, रबर कापणाऱ्याने प्रोब विकत घ्यावा. यात फारसा विचार करायला नको. अशा ट्यूब झिजणाऱ्याच असतात. गॅस बिघडतो, थोडा गळतो, पुढच्या आरशाचं कोटिंग जातं. ट्यूब बदलायचा दिवस येणारच असतो, प्रश्न फक्त तो आला की नाही एवढाच, आणि चुकून एक ट्यूब आधी बदलली तरी प्रोबच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिथेच गेला. ॲक्रेलिकचा डाग महिन्यातून एकदा.

एकच फायबर मशीन, १ ते ३ किलोवॅट, रोजचं जॉबवर्क: मीटर विकत घेऊ नका. एसएसच्या रेषा दर महिन्याला, त्याच शीटवर, चिलरचं तापमान लिहून. सोर्सचे आकडे दर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा मीटर घेऊन येणारा सर्व्हिसवाला, आणि एएमसी (वर्षाचा देखभाल करार) करताना "नोझलखाली आणि शक्य तिथे हेडशिवाय पॉवर मोजून लेखी देणे" ही ओळ करारात. ही ओळ नसेल तर मीटर गाडीतच राहतो.

तीन-चार मशीन असतील, किंवा मशीन ६ किलोवॅटच्या पुढची असेल, तर स्वतःचा मीटर परवडतो. मोठ्या पॉवरला घाणेरडा ग्लास काही सेकंदांत फुटून लेन्सही घेऊन जातो, आणि रोज सकाळी एक पल्स टाकून बघण्याची किंमत त्यापेक्षा नक्कीच कमी. छोटा इलेक्ट्रॉनिक पुरेसा. पाण्याचा थर्मोपाइल हवा तेव्हा भाड्याने किंवा सर्व्हिससोबत.

वॉरंटीत भांडण चालू असेल तर प्रोब, ठोकळा, कापलेले तुकडे यांतलं काहीही समोरचा मान्य करणार नाही. ताज्या प्रमाणपत्राचा थर्मोपाइल, दोन्ही बाजूंच्या समोर, दोन ठिकाणी.

आकडा हाती आल्यावर

३००० वॅटच्या सोर्सला नोझलखाली २९०० मिळाले तर सोर्स उत्तम आहे. हेडची ऑप्टिक्स दोन-चार टक्के घेतातच, मीटरची तीन टक्क्यांची चूक वेगळी. २७०० मिळाले तर लगेच सोर्सकडे बोट दाखवू नका. केबल हेडमधून काढून तिच्या टोकाशी मोजता आलं तर मोजा. हे काम धूळ नसलेल्या जागी, अनुभवी माणसानेच करायचं; क्यूबीएचच्या टोकावर बसलेला एक कण हजारोंचं नुकसान करतो. केबलच्या टोकाशी २९५० आले तर बाकीचे २५० हेड खातंय, आणि हेड दुरुस्त करणं सोर्सच्या मानाने किरकोळ आहे.

एकाच टक्केवारीवर मोजून थांबू नका. २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के मागणीवर पाच रीडिंग घ्या. सगळीकडे सारखंच प्रमाण घटलं असेल तर वाटेत काहीतरी मळलेलं किंवा जळलेलं आहे. खालच्या टक्क्यांना बरोबर आणि वर जाऊन आकडा अडकला असेल तर डायोड थकलेत किंवा करंटची मर्यादा आली. आधीच्या महिन्यापर्यंत ठीक आणि आता एकदम ठरावीक हिस्सा गायब, तर एखादं मॉड्यूल गेलं. मॉड्यूल बदलून किंवा दुरुस्त करून भागतं, सोर्स नवा लागत नाही. आणि थंड असताना ठीक, दहा मिनिटांत चार-पाच टक्के खाली, तर पाण्याचा प्रवाह, चिलर, मग तापणारी लेन्स, या क्रमाने बघा.

दहा टक्के घट म्हणजे मशीन भंगार नव्हे. रोजचं काम १ ते ३ मिमी पत्र्याचं असेल तर स्पीड थोडा उतरवून ती आणखी काही वर्षं चालते, आणि दरतासाचा हिशोब मांडला तर नव्या सोर्सचे हप्ते त्या हरवलेल्या स्पीडपेक्षा जड पडतात. मशीन तिच्या वरच्या जाडीच्या काठावर चालत असेल, १० मिमी एसएस रोजचं असेल, तर दहा टक्केही परवडत नाहीत.

जुनी मशीन विकत घेणाऱ्याला वेगळं सांगतो. विकणारा आधीच गरम केलेल्या मशीनवर एक सुंदर कट करून दाखवतो, बहुधा एमएस, बहुधा ऑक्सिजनवर. तो बाजूला ठेवा. आपल्या घरची एसएसची शीट सोबत न्या, नायट्रोजन मागा. सोर्सचे तास आणि अलार्मची यादी बघा. ती नुकतीच पुसलेली असेल तर त्याचंही उत्तर मागा. भाड्याने मीटरवाला घेऊन जा, पाच टक्केवाऱ्यांवर मोजा, शेवटी पूर्ण पॉवरवर दहा मिनिटं. विकणारा यातल्या कशाला "गरज काय, मशीन चालू तर आहे" म्हणाला, तर सोर्स बदलायचा खर्च आधीच धरून तेवढा भाव खाली सांगा.